हातचा एक

जानेवारीचा शेवटचा आठवडा.
लीड्सला हेअरहिल्सच्या उतारावर बर्फाचा चिखल होतो
तेव्हा म्वानाइदी शेकिलिंदी माझा जिना चढते,
काखेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
खाली कसायाचं दुकान, वर मी, हिशेबनीस.
"सगळं यात आहे," म्हणते.
एकोणीस वर्षं हेच वाक्य.

आमच्याकडे न चाललेला सिनेमा डब्यात गेला म्हणतात.
एकदा तिला हे सांगितलं.
इतकी हसली की कसायाने
खालून छताला झाडूचा दांडा ठोकला.

मी पावत्या लावत बसतो.
टांगा ते पांगानी, माणसं दोन, तिपाई एक.
(टांगा तिचं गाव. पहिल्या वर्षी मी
घोडागाडीचा खर्च म्हणून नोंदवला होता.)
होडीचं भाडं, अर्धा दिवस;
होडीवाला मिठागरातला, सही येत नव्हती,
जांभळा अंगठा दिलाय. कागद अजून खरखरतो.
बॅटऱ्या. बॅटऱ्या. जनरेटरचं डिझेल.
रबरी हातमोजे, सहा जोड.
हे कशात घालू?
ती म्हणाली, पोशाख.

रात्री बँकांच्या काचा पुसायची ती,
आणि सोबतच्या बायकांवरच दुसरा सिनेमा काढला,
बादलीत कॅमेरा, वर ओलं फडकं.
सहा गावांत दाखवला. मानधन एकाच ठिकाणी :
चाळीस पौंड आणि एक छत्री.
छत्री मी जमेला धरली नाही.

तिसऱ्याला नऊ वर्षं लागली.
घायपाताच्या मळ्यातले अकरा म्हातारे,
सिनेमा पुरा होईतो चौघे उरले.
त्या वर्षीच्या डब्यात एक पावती होती,
पांढरं कापड, सात वार, लुशोतो.
मी विचारलं नाही.
'खर्च अमान्य' असं पेन्सिलीने लिहिलं,
मग खोडलं.

गेल्या साली कर खात्याचं पत्र आलं.
सभ्य, दोन परिच्छेदांचं.
सतत तोटा दिसतो. सदर बाब व्यवसाय आहे की छंद?

छंद. हा शब्द मी माझ्या भाषेत आणून ठेवला
आणि बराच वेळ तो टेबलावरच पडून राहिला,
कवितेचाही असतो, माणसालाही लागतो.
तिने विचारलं, यात शिक्षा कमी कशाला?
व्यवसायाला, मी म्हणालो.
"मग तेच लिही."

तीन रात्री लिहीत होतो : नफ्याचा हेतू, योजना, संभाव्य प्रेक्षक.
हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये,
हे आईचं म्हणणं आठवत होतं.
पण हिचा धंदाच पळत्याचा,
सेकंदाला चोवीस वेळा.
पंचवीस, ती म्हणाली. या देशात पंचवीस.
आणि माझ्या हातांवर कॅमेरा लावला.
मी चिडलो. दिवस मुदतीचे होते.

परवा चौथा दाखवला, मेथडिस्टांच्या हॉलमध्ये.
माणसं अकरा, त्यांतली दोन हीटरसाठी आलेली.
भिंतीएवढा माझा अंगठा
जिभेला लागला, पावती उलटली.
"थुंकी लावू नका म्हणून किती सांगायचं," बायको पुटपुटली.
मी मान खाली घालणार, तेवढ्यात
माझ्या अंगठ्याखाली तो दुसरा आला,
जांभळा, मिठागरातला,
आणि क्षणभर कुणाच्या रेषा कुठल्या ते कळेना.

अकरा तिकिटं, तीन पौंडांनी तेहेतीस.
हॉलचं भाडं पंचेचाळीस.
तोटा बारा, पुढे ओढला.
शाळेत बेरजेला हातचा एक असायचा,
तो उत्तरात लिहायचा नाही,
मुठीत धरायचा पुढच्या घरापर्यंत.

आज रिकामा डबा काखेला मारून ती निघाली.
झाकण जिन्यावर निसटलं,
पायरी पायरी वाजत कसायाच्या दारात जाऊन पडलं.
ती हाक मारत होती.
चष्मा कपाळावर सारून
मी खाली उतरलो.